शेड शेतकऱ्याचं, डुकरं कंपनीची: आमदार वेंडेल मर्फी

संगमनेर भागातल्या एका तरुण पोल्ट्रीवाल्यानं विचारलंय: "माझं सात हजार पक्ष्यांचं शेड करारावर आहे. अमेरिकेत वेंडेल मर्फी नावाचे एक आमदार होते, ते स्वतः डुकरं पाळायचे, करार पद्धत त्यांनी डुकरांत आणली आणि त्यातून अब्जाधीश झाले, असं ऐकलं. आपल्याकडं दूध संघाचे, कारखान्याचे चेअरमन आमदार होतात, तसंच का हे? पशुपालकच आमदार झाला तर पशुपालकांचं भलं होतं का? सविस्तर सांगा."

मी पशुवैद्यक आहे. गेली २७ वर्षं खाद्य आणि करार संगोपन याच कामात गेली. बहुतेक काळ ब्रॉयलरमध्ये, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांत, मधली काही वर्षं वराहपालनात. मर्फी हे नाव आमच्या कामातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात वारंवार येतं, कारण डुक्कर आज ज्या पद्धतीनं हजारोंच्या संख्येत वाढवलं जातं ती पद्धत बसवणाऱ्या मोजक्या लोकांत ते येतात. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. मर्फींच्या राजकारणानं पशुपालकांचं भलं झालं, हे खरं आहे. पण त्यांच्या करारात जनावर कंपनीचं होतं आणि शेण शेतकऱ्याचं. विधिमंडळातून जे जे निघालं त्यानं डुकरांची संख्या वाढवायला मोकळीक दिली. शेणाचा धनी कोण, हे मात्र कुणी विचारलंच नाही. सगळी गोष्ट याच एका फटीतून पुढं घडत गेली. आता पहिल्यापासून सांगतो.

नॉर्थ कॅरोलिना हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं राज्य. त्याच्या आग्नेयेला, समुद्रापासून थोडं आत, डुप्लिन नावाचा जिल्हा आहे. जिल्हा म्हटलं तरी आकारानं आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याएवढाच. रेताड जमीन, थोडं खणलं की पाणी, जागोजाग ओढे आणि दलदल. मुख्य पीक तंबाखू, आणि तंबाखूच्या जोडीला घरोघरी चार-दहा डुकरं. मर्फींचा जन्म १९३८ सालचा, याच जिल्ह्यातल्या रोज हिल या छोट्या गावाचा. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या घरातला मुलगा. राज्याच्या कृषी शिक्षणाचं मोठं केंद्र असलेल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातून १९६० साली पदवी घेतली आणि शाळेत शेती हा विषय शिकवायला लागले.

मास्तरकी करता करता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. भागातले शेतकरी मका पिकवतात, पण तो जनावराला घालण्याजोगा करून द्यायची सोय जवळपास नाही. तीन हजार डॉलरची स्वतःची शिल्लक आणि वडिलांच्या सहीवर मिळालेलं दहा हजारांचं कर्ज, एवढ्यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रोज हिलला खाद्याची गिरणी टाकली. खाद्याच्या धंद्यातला माणूस जनावरात उतरतो तो बहुतेक वेळा याच वाटेनं. गिरणी चालू ठेवायची तर खाणारी तोंडं हवीत. विकत आणलेली पिल्लं उघड्या वाड्यात सोडून, आपलंच खाद्य घालून, वजन चढलं की विकायची, असा प्रकार त्यांनी सुरू केला. बरकत दिसायला लागली.

मग १९६९ साली कळपात हॉग कॉलरा शिरला. आपण ज्याला स्वाइन फीवर म्हणतो तोच हा रोग. अमेरिकेत त्याच्या निर्मूलनाची मोहीम १९६२ पासून चालू होती आणि नियम कडक होते: एका ठिकाणी रोग सापडला की सगळा कळप मारायचा, पुरायचा, आणि त्या जागेवर काही काळ डुक्कर आणायचं नाही. मर्फींचा कळप गेला. गिरणी उभी, खाद्य तयार आणि खाणारं तोंड एकही नाही. ज्यांनी बर्ड फ्लूच्या काळात रिकामी शेडं बघितली आहेत त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

त्या अडचणीत त्यांनी जे केलं त्यामुळंच त्यांचं नाव राहिलं. आपल्या जागेत डुकरं ठेवता येत नाहीत ना, मग शेजाऱ्यांच्या जागेत ठेवू. पिल्लं आपली, खाद्य आपलं, कुंपणाचे खांब आणि तारही आपलीच. शेजाऱ्यानं फक्त राखण करायची. मोबदला डुकरामागं एक डॉलर. त्या भागात कोंबड्यांचं आणि टर्कीचं करार संगोपन आधीपासून चालू होतं, म्हणजे कल्पना त्यांनी हवेतून आणली नव्हती. पण डुकरांच्या बाबतीत ती नेटानं आणि मोठ्या प्रमाणात राबवली ती त्यांनीच. तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगतो: करार पद्धत त्यांनी शोधली नाही, कोंबडीची पद्धत डुकराला लावली.

आणि तेव्हा ती शेतकऱ्याला खरोखर परवडत होती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून असं वाटायला लागतं की सगळा कट पहिल्यापासून ठरलेला होता. तसं नव्हतं. तंबाखूचं भवितव्य डळमळीत झालेलं होतं. पन्नास-शंभर एकरांवर कुटुंब चालवणाऱ्याला बाजारभावाची धास्ती नसलेला, ठरल्या तारखेला येणारा चेक मिळत होता. डुकराचा भाव पडला तर तोटा मर्फींचा. मुलगा शहरात न जाता घरी राहू शकत होता. डुप्लिन आणि शेजारचा सॅम्पसन या दोन जिल्ह्यांत अशी कितीतरी घरं आहेत ज्यांचं शेत या चेकमुळं राहिलं. जिथं जिथं करार संगोपनाला शिव्या घातल्या जातात तिथं मी हे आधी सांगतो.

पुढच्या १५-२० वर्षांत उघडे वाडे गेले आणि लांबलचक बंदिस्त शेडं आली. खाली फटींची जमीन, तिच्यातून शेण-मूत खाली पडतं, पाण्यानं वाहून शेडच्या बाजूच्या मातीच्या मोठ्या खड्ड्यात जातं. त्या खड्ड्याला तिथं लगून म्हणतात. उघडं तळंच ते. आतल्या जीवाणूंमुळं बऱ्याचदा त्याचा रंग गुलाबीसर दिसतो. तळं भरत आलं की वरचं पाणी पंपानं उचलून शेजारच्या गवताच्या शेतावर फवारायचं. मर्फींची कंपनी जनावरशास्त्रात पुढं होती, यात वाद नाही. पैदाशीची जागा वेगळी, दूध तोडलेल्या पिल्लांची वेगळी, वजन वाढवण्याची वेगळी, म्हणजे रोग एकाकडून दुसऱ्याकडं जात नाही. वयानुसार खाद्याची फॉर्म्युलेशन बदलत नेण्याची शिस्त. कमी चरबीचं वाण. ही कामं आज आम्ही शिकवतो ती त्या काळात तिथं रोज होत होती.

एक गोष्ट मात्र माझ्यासारख्या खाद्यवाल्याच्या डोळ्यांत लगेच खुपते. डुप्लिनमध्ये एवढ्या डुकरांना पुरेल इतका मका पिकतच नाही. तो मध्य-पश्चिमेतल्या राज्यांतून रेल्वेनं भरभरून येतो. डुक्कर खाद्यातल्या नत्राचा साधारण तिसरा हिस्सा अंगाला लावतं, बाकीचा बाहेर टाकतं. जुन्या पद्धतीत तो बाहेर पडलेला नत्र ज्या शेतातून मका आला त्याच शेतात परत जायचा. इथं मका शेकडो मैलांवरून येणार, मांस परराज्यांत जाणार आणि नत्र तेवढं डुप्लिनच्या रेताड जमिनीत राहणार. गवत ते किती उचलणार? हा हिशेब कुणाही खाद्यतज्ज्ञाला कागदावर मांडता येतो. आणि करार वाचला तर शेड शेतकऱ्याचं, शेडचं कर्ज शेतकऱ्याचं, लगून शेतकऱ्याचं, मेलेलं जनावर शेतकऱ्यानं निस्तरायचं. जिवंत डुक्कर आणि खाद्य कंपनीचं. मी वर जी फट म्हटली ती हीच.

आता राजकारण. मर्फी १९८३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्याच्या कनिष्ठ सभागृहात गेले, तिथून पुढं सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, आणि १९९२ पर्यंत विधिमंडळात राहिले. तुमच्या मनात आपल्याकडच्या आमदाराचं चित्र असेल, म्हणून थोडं सांगायला हवं. नॉर्थ कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात १२० जागा, सिनेटमध्ये ५०, आणि दोन्हीकडं मुदत फक्त दोन वर्षांची. आमदारकी तिथं पूर्ण वेळेचं काम समजलं जात नाही. साध्या सदस्याचं मूळ मानधन वर्षाला १३,९५१ डॉलर आहे, आणि ते १९९०च्या दशकापासून तेवढंच आहे. अधिवेशनाचा भत्ता वेगळा. एवढ्यावर तिथं कुणाचंही घर चालत नाही. त्यामुळं वकील, व्यापारी, निवृत्त माणसं आणि शेतकरी हेच तिथं बसतात, आणि आपापला धंदा सांभाळून बसतात. शेतकऱ्यानं शेतीच्या कायद्यावर मत द्यायचं नाही, असा नियम केला तर शेतीवर बोलायला कुणी उरणारच नाही, ही त्यामागची धारणा. आपला फायदा संपूर्ण व्यवसायाच्या फायद्यातूनच होत असेल तर मत द्यायला हरकत नाही, असा तिथला सर्वसाधारण पायंडा.

मर्फी सभागृहात असलेल्या दहा वर्षांत डुक्कर आणि कोंबडी व्यवसायाला सोयीचे बरेच कायदे झाले. काहींचे ते प्रवर्तक होते, काहींना त्यांचं मत होतं. शेड बांधायला लागणाऱ्या साहित्यावरचा विक्रीकर माफ झाला. १९९१ साली जनावरांची मोठी शेडं हीसुद्धा 'शेती'च धरायची, असं कायद्यानं पक्कं केलं, आणि शेती म्हटलं की जिल्ह्याला जमीन वापराचे निर्बंध लावता येत नाहीत. या कलमाकडं नीट बघा. लोकवस्तीपासून किती अंतरावर पाच हजार डुकरांचं शेड असावं, हे ठरवण्याचा अधिकार जिल्ह्याच्या लोकांकडून एका ओळीत गेला. शेतकऱ्याच्या जुन्या संरक्षणाचा शब्द तोच राहिला, त्याच्या आत मावणारी वस्तू मात्र शंभर पटीनं मोठी झाली.

मर्फींनी नेहमी सांगितलं की आपण जे केलं ते सगळ्या शेतकऱ्यांसाठी केलं आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. बेकायदा नव्हतंच. विक्रीकराची माफी डुप्लिनमध्ये एक शेड बांधणाऱ्या कुटुंबालाही मिळाली. पण शेकडो शेडं ज्याच्या करारावर उभी राहणार होती त्याला ती किती पटीनं मिळाली, याची बेरीज सभागृहात कुणी केली नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. एका माणसानं पैसे खाल्ले असते तर तो पकडला जाऊन विषय संपला असता. इथं एका चांगल्या पशुपालकाला मनापासून पटलेली गोष्ट राज्याचा कायदा झाली.

१९९२ हे त्यांचं सभागृहातलं शेवटचं वर्ष. त्याच वर्षी जवळच्या ब्लेडन जिल्ह्यात टार हील इथं स्मिथफील्ड या डुकराच्या मांसाच्या मोठ्या कंपनीचा कत्तलखाना सुरू झाला. पुढं त्याची क्षमता दिवसाला ३२ हजार डुकरांपर्यंत गेली. हा आकडा आधी पचू द्यावा लागतो. एवढं मोठं तोंड रोज भरायचं म्हणजे भोवतीच्या जिल्ह्यांत शेडांची रांग लागणारच. १९८०च्या दशकाच्या मध्याला राज्यात २५ लाखांच्या आसपास डुकरं होती, १९९७ च्या सुमारास ती एक कोटीच्या घरात गेली. देशात नॉर्थ कॅरोलिना आयोवाखालोखाल दुसऱ्या क्रमांकाला आलं. डुप्लिनमध्ये माणसं ५० हजारांच्या आसपास आणि डुकरं २० लाखांच्या. मर्फींची कंपनी देशातली सर्वांत मोठी वराह उत्पादक झाली, तीन लाखांवर पैदाशीच्या माद्या तिच्याकडं होत्या, आणि त्यांची स्वतःची संपत्ती अब्ज डॉलरच्या आसपास धरली जाऊ लागली. याच वर्षांत घरामागं दहा-वीस डुकरं ठेवून बाजारात नेणारी हजारो कुटुंबं मात्र धंद्यातून बाहेर पडली. कत्तलखान्याला एकसारखं, एका वजनाचं, ठरल्या दिवशी येणारं जनावर हवं होतं, आणि ते करारातूनच मिळत होतं.

१९९५च्या फेब्रुवारीत राज्याच्या राजधानीतल्या, म्हणजे रॅलीच्या, न्यूज अँड ऑब्झर्व्हर या वृत्तपत्रानं हे सगळं एका लेखमालेत मांडलं: वास, पाणी, छोट्या शेतकऱ्यांचं संपणं, आणि मर्फींच्या काळातले कायदे. पुढच्या वर्षी त्या मालिकेला सार्वजनिक सेवेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. लेखमाला छापून चार महिने होतात न होतात तोच २१ जून १९९५ रोजी ऑन्स्लो जिल्ह्यातल्या एका लगूनचा बांध मुसळधार पावसानंतर फुटला. जागा मर्फींच्या कंपनीची नव्हती. सुमारे अडीच कोटी गॅलन, म्हणजे साडेनऊ कोटी लिटरच्या आसपास घाण शेतांतून आणि रस्त्यावरून न्यू रिव्हर नदीत गेली. मासे मरून काठाला लागले. वासाची तक्रार करणाऱ्यांना तोवर 'गावात राहायचं तर एवढं चालायचंच' असं ऐकायला मिळायचं. आता ती तक्रार सगळ्या राज्याच्या तोंडी आली.

इथं मला दुसऱ्या एका आमदाराबद्दल लिहायचं आहे, कारण मर्फींची गोष्ट तिच्याशिवाय अर्धी राहते. सिंडी वॉटसन. त्याच डुप्लिनच्या, रिपब्लिकन पक्षाच्या, म्हणजे उद्योगाला सहसा जवळचा मानला जाणाऱ्या पक्षाच्या. १९९४ साली निवडून आल्या. शेडांच्या शेजारी राहणारी माणसं त्यांच्याकडं येऊ लागली: खिडकी उघडता येत नाही, कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत, विहिरीच्या पाण्याची भीती वाटते. या शेजाऱ्यांत काळे लोक बरेच होते, आणि त्यांची घरं, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी घेतलेली जमीन, शेडांच्या कितीतरी आधीची होती. वॉटसन यांनी ऐकून घेतलं आणि बाजू घेतली. १९९७ साली लगूनवाल्या नव्या शेडांना स्थगिती देणारा कायदा झाला, त्यासाठी झटणाऱ्यांत त्या होत्या. त्याच कायद्यानं मोठ्या वराहगृहांपुरता जमीन वापराचा अधिकार जिल्ह्यांना परत मिळाला. मर्फींच्या काळात गेलेली गोष्ट सहा वर्षांनी परत आली. व्यवसायाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या एका गटानं वॉटसन यांच्याविरुद्ध जाहिरातींवर मोठा खर्च केला आणि १९९८च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्या हरल्या. २००४ साली त्यांना केनेडी यांच्या नावानं दिलं जाणारं राजकीय धैर्याचं पारितोषिक मिळालं. डुप्लिनचे हे दोन आमदार. एकाला शेडच्या आतलं सगळं कळत होतं, दुसरीनं शेडच्या बाहेर राहणाऱ्यांचं ऐकलं. मतदार दोघांचेही तेच.

व्यवसायाचं पुढं काय झालं ते थोडक्यात. १९९८च्या डिसेंबरात डुकराचा भाव इतका कोसळला की जिवंत वजनाला पौंडाला दहा सेंटसुद्धा मिळेनात. त्यात सगळं कर्जावर चाललेल्या मोठ्या उत्पादकांचं कंबरडं मोडलं. १९९९च्या सप्टेंबरात फ्लॉइड चक्रीवादळ आलं, पूर्व नॉर्थ कॅरोलिनात पूर आला, लगूनं पाण्याखाली गेली, हजारो डुकरं शेडांतच बुडाली. २००० साल उजाडताच मर्फींची कंपनी स्मिथफील्डनं घेतली. मर्फी नंतर त्या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. दुसऱ्या एका उत्पादकाच्या नावाशी जोडून त्यांचं नाव मर्फी-ब्राउन या उपकंपनीत राहिलं. ज्या विद्यापीठानं त्यांना घडवलं तिथल्या फुटबॉल केंद्राला त्यांचं नाव आहे, आणि त्यांच्या देणगीबद्दल तिथले लोक आदरानं बोलतात. स्मिथफील्ड २०१३ साली चिनी मालकीची झाली, ४.७ अब्ज डॉलरचा व्यवहार. म्हणजे रोज हिलच्या त्या गिरणीतून सुरू झालेल्या कळपाची मालकी शेवटी हाँगकाँगच्या शेअर बाजारात गेली, आणि लगून जिथं होतं तिथंच, त्याच शेतकऱ्याच्या नावावर राहिलं.

२००० साली राज्याच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या करारानुसार स्मिथफील्डनं लगूनला पर्याय शोधायला दीड कोटी डॉलर दिले. विद्यापीठानं पर्याय तपासले. घाण कमी करणारी तंत्रं सापडली. परवडत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. मला यातलं 'परवडत' हे क्रियापद नेहमी अडतं. कुणाला? चालू शेडाला ते बसवायचं तर खर्च त्या शेतकऱ्यावर, आणि त्याला ते खरंच परवडणारं नव्हतं. जनावराच्या मालकाच्या ताळेबंदात तो खर्च कधी आलाच नाही. २००७ साली नव्या लगूनवर कायमची बंदी आली, जुनी मात्र चालू राहिली.

शेजाऱ्यांचा शेवटचा आसरा न्यायालय. २०१४ साली सुमारे ५०० जणांनी मर्फी-ब्राउनवर संघराज्य न्यायालयात उपद्रवाचे दावे लावले. बारकावा असा की दावे शेतकऱ्यांवर नव्हते, थेट जनावराच्या मालकावर होते. डुकरं तुमची, वाढवायची कशी तेही तुम्हीच ठरवता, मग वासही तुमचा, असा साधा युक्तिवाद. इतकी वर्षं जो प्रश्न विधिमंडळात कुणी विचारला नव्हता तो तिथं ज्यूरीपुढं आला. २०१८ साली ब्लेडन जिल्ह्यातल्या पहिल्या खटल्यात ज्यूरीनं दहा शेजाऱ्यांना पाच कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. दंडाच्या रकमेवर राज्याच्या कायद्यानं मर्यादा असल्यानं ती साडेबत्तीस लाखांवर आली. पुढचे खटलेही कंपनी हरली, २०२० साली अपील न्यायालयानं दोष कायम ठेवला आणि कंपनीनं उरलेल्यांशी तडजोड केली. खटले चालू असतानाच विधिमंडळानं अशा दाव्यांना आवळणारे कायदे केले. २०१७च्या विधेयकाचे मुख्य प्रवर्तक जिमी डिक्सन हे डुप्लिनचेच प्रतिनिधी आणि स्वतः शेतकरी. राज्यपाल रॉय कूपर यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, विधिमंडळानं तो धुडकावून कायदा केला.

आता तुमच्याकडं येतो. आपल्याकडच्या चेअरमन आमदारांशी तुलना तुम्ही केलीत, ती निम्मी बरोबर आहे. दूध संघाचा किंवा कारखान्याचा चेअरमन, निदान कागदावर, सभासदांनी निवडलेला असतो. दूध सभासदाचं असतं, ऊस सभासदाचा असतो. मर्फींच्या करारात शेतकरी सभासद नव्हता, आणि डुक्कर त्याचं नव्हतं. तुमचं ब्रॉयलरचं शेड जास्त जवळ आहे ते मर्फींच्या कराराला. पिल्लू कंपनीचं, खाद्य-औषध कंपनीचं, शेड-वीज-पाणी-मजूर तुमचं, आणि किलोमागं ग्रोइंग चार्ज, म्हणजे वाढवण्याचा मोबदला. तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे: आपल्याकडं शेडात तूस टाकतात, खत कोरडं निघतं, आणि ते तुमचंच राहतं. द्राक्ष-डाळिंबवाले कोंबडी खत पैसे देऊन नेतात. म्हणजे डुप्लिनच्या शेतकऱ्याच्या गळ्यात जे पडलं ते तुमच्याकडं उत्पन्न आहे. पाण्यानं वाहून नेण्याच्या पद्धतीकडं कुणी वळवायला आलं, कितीही कमी मजुरांत काम होईल म्हणालं, तरी हे विसरू नका.

पण मर, म्हणजे पक्ष्यांचं मरणं, याचं काय? मागं एका मे महिन्यात मी अशाच एका शेडावर गेलो होतो. पक्षी अडीच किलोच्या वर गेलेले, लिफ्टिंगची, म्हणजे कंपनीनं पक्षी उचलून नेण्याची, तारीख चार दिवस पुढं ढकललेली, दुपारी लाइट गेली आणि संध्याकाळपर्यंत नऊशे पक्षी गेले. कंपनीचा सुपरवायझर आला, मोजदाद केली, फोटो काढले, मर जास्त झाली म्हणून चार्ज कापला जाईल, असं सांगून निघाला. मुलगा, त्याची आई आणि शेजारचे दोघं रात्री टॉर्च लावून खड्डा खणत होते. उशीर गाडीचा होता, पक्षी कंपनीचे होते, खड्डा त्यांचा होता. दुसऱ्या दिवशी माश्या झाल्या म्हणून गावातले लोक आले तेही त्यांच्याच दारात. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून मला डुप्लिनचा करार जसा समजला तसा तो आधी वाचून समजला नव्हता.

तेव्हा आमदार पशुपालक आहे की नाही हे बघण्याआधी तुमच्या कराराचा कागद काढा. मर किती टक्क्यांवर गेली की चार्ज कापतात, आणि लिफ्टिंग कंपनीमुळं लांबलं तर त्या दिवसांची मर कुणाच्या नावावर पडते, हे त्यात लिहिलंय का बघा. मेलेल्या पक्ष्यांच्या विल्हेवाटीचा खर्च कुणाचा, हे शोधा; बहुतेक करारांत तो शब्दच नसतो, आणि नसला की तो तुमचा असतो. शेडच्या कर्जाचे हप्ते किती वर्षं आहेत आणि करार किती बॅचचा आहे, हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. डुप्लिनच्या शेतकऱ्यांची कर्जं वर्षानुवर्षांची होती, आणि करार संपला तर त्या शेडात दुसरं काही करता येत नव्हतं. तालुक्यातले तुमच्यासारखे पाच-पन्नास पोल्ट्रीवाले एकत्र येऊन आमदाराकडं जाणार असाल तर वीजदर आणि अनुदान मागाच, पण सोबत ही दोन कलमं घेऊन जा: उशिराच्या लिफ्टिंगची मर आणि मेलेल्या पक्ष्यांचा खर्च, दोन्ही पक्ष्याच्या मालकाकडं. शेडाशेजारच्या वस्तीतल्या दोघा-तिघांनाही बरोबर न्या. त्यांच्या माश्यांच्या तक्रारीचा कागद तुमच्याच कागदाला जोडा.